चांदीच्या नाण्यावरचा अंगठा

माझ्यावर अकरा वर्षं एक आरोप होता. चांदीच्या एका कोऱ्या नाण्यावर मी अंगठा उमटवला, असा. आरोप करणारे आमचे हे, साक्षीदार कोणी नाही, आणि आरोपी मी. तळेगावच्या एका दवाखान्यात मी एकतीस वर्षं नर्स म्हणून काढली आणि त्यातली निम्मी तरी हात धुण्यात गेली असतील. मला कोणी चोर म्हटलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण न धुतलेल्या हाताने दुसऱ्याच्या वस्तूला शिवणारी बाई म्हटल्यावर माझी तळपायाची आग मस्तकात गेली, आणि अकरा वर्षं तिथेच राहिली. त्यातली शेवटची दोन वर्षं तर भांडायला हेही नव्हते.

ह्यांना नाण्यांचा नाद होता. शिवराई, ढब्बू पैसा असलं जुनंपानं जमवतात तसला नव्हे. टांकसाळ अधूनमधून कशाच्या तरी निमित्ताने खास नाण्यांचे संच काढते. चार-पाच नाणी, आरशासारखी घोटलेली, त्यात एक मोठं चांदीचं. प्रत्येक नाणं गोल पारदर्शक डबीत आणि सगळ्या डब्या मिळून मखमलीच्या पेटीत. ही नाणी बाजारात चालवायची नसतात. आधी नोंदणी करायची, मग वर्षभर वाट बघायची आणि आली की ठेवून द्यायची. लग्नानंतर पहिला संच आला तेव्हा मी विचारलं, ह्याचं करायचं काय. हे म्हणाले, जपायचं. जपून मग काय, असं विचारलं तर म्हणाले, आणखी जपायचं. मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती हे कळायला मला फार वर्षं लागली नाहीत.

तो पहिला संच टपालाने आला होता, कापडात शिवलेला, शिवणीवर लाखेचे शिक्के. पोस्टमन दारातून वळायच्या आत ह्यांनी ते पार्सल माझ्या विळीवर धरलं, शिवण कापायला. शिवण कापली गेली आणि उजव्या हाताचा अंगठाही. कारखान्यात केसाच्या जाडीची मापं काढणारा टूलरूममधला माणूस, पण घरी विळीवर नीट बसता येत नव्हतं. मी त्यांना माझ्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तीन टाके घातले, हात मी धरून ठेवला होता. पुढे दहा दिवस त्या अंगठ्याचं ड्रेसिंग मीच केलं. एवढं होऊन ह्यांचा पहिला प्रश्न काय, तर पेटीवर रक्त सांडलं नाही ना.

ह्या नादाला तळेगावची हवा सोसली. पण निवृत्त झाल्यावर ह्यांच्या डोक्यात आलं की लोणावळ्यात राहायचं. धुकं, डोंगर, शांतता वगैरे. शांतता सोमवार ते गुरुवार असते, हे आम्हाला नंतर समजलं. मी म्हटलं, अहो, नाण्यांचं काय. तर म्हणाले, नाण्यांना काय धुकं बाधतं. हे वाक्य मी पुढे पुष्कळदा ऐकवलं.

लोणावळ्याच्या पावसाळ्यात धुकं दार न वाजवता घरात येतं आणि पलंगावर बसतं. मिठाचं पाणी होतं, काडेपेटी ओढून ओढून हात दुखतो, चामड्याच्या चपलेला एका आठवड्यात लव येते. पहिल्या पावसाळ्यातच ह्यांना घाम फुटला. तोवर नाण्यांच्या काही सुट्या डब्या त्यांनी स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या मऊ प्लास्टिकच्या वहीत घातल्या होत्या. श्रावणात वही उघडली तर पानांना हिरवट चिकट थर, आणि डब्यांना बुरसलेल्या पावासारखा वास. हे दोन दिवस जेवले नाहीत. मी नाणी बघितली, ती ठीक होती, नुसत्या डब्या पुसायच्या होत्या. पण त्यांच्या तोंडावर असं दुःख होतं की मीही गप्प राहिले, जे मला सहसा जमत नाही.

मग लढाई सुरू झाली. इथल्या घरांतून पावसाळ्यात कपाटात बारका दिवा लावून ठेवतात, कपडे सादळू नयेत म्हणून. आमच्याही कपाटात तसा दिवा होता, वरच्या कप्प्यात, माझ्या रेशमी साड्यांजवळ. एके दिवशी संध्याकाळी बघते तर साड्या खालच्या अंधाऱ्या कप्प्यात आणि दिव्याच्या उबेला एकोणीस मखमली पेट्या. मी कपाटात डांबरगोळ्या टाकल्या तर हे ओरडत आले, त्या वाफेने प्लास्टिक खराब होतं, चांदी काळी पडते. मी वर्तमानपत्राचे कागद घातले तर कागदात आम्ल असतं. रबर लावलं तर रबरात गंधक. शेवटी मी विचारलं, तुमच्या नाण्यांना माझा श्वास चालतो का. ह्यांनी विचार करून सांगितलं, पेटी उघडी असताना नको.

बुटाच्या खोक्यात पांढऱ्या खड्यांची पुडी निघते ना, ओल शोषणारी, तिचा शोध ह्यांना लागल्यावर तर बाजारातल्या चपलांच्या दुकानात रोज फेरी. दुकानदार चाचा भले माणूस. पुड्या साठवून ठेवायचे आणि देताना दर वेळी विचारायचे, "साहेब, कधी बूटही घेऊन जा की." पुढे निळे खडे आले. ते ओल पिऊन गुलाबी होतात आणि भाजले की पुन्हा निळे. भाजायचे कुठे, तर माझ्या रव्याच्या कढईत. मी कढई काढून घेतली. ह्यांनी स्वतःची कढई आणली आणि दर रविवारी गॅसपुढे उभं राहून मंद आचेवर खडे परतायला लागले. आयुष्यात ह्यांनी परतलेला तो पहिला पदार्थ. घरात आलेल्या माणसाला वाटे काहीतरी चांगलं शिजतंय.

ह्या सगळ्यातून मार्ग काढला तो आमच्या शेजारच्या आबांनी. आबांचा जन्म चिक्कीच्या भट्टीवर गेला होता. पावसाळ्यात चिक्की कुरकुरीत ठेवणं हे लोणावळ्यातलं खरं शास्त्र, बाकी सगळं पर्यटकांसाठी. आबा पेपर वाचायला आले होते आणि हे एकेक पेटी उघडून न्याहाळत होते. बाहेर पाऊस नुसता ओतत होता.

आबांनी चष्मा वर केला. "भाऊ, हे रोज उगडून बगता व्हय तुमी?"

"ओल लागली का ते बघायला नको?"

"मग ओल तुमीच लावताय की. डबा पावसात उगडला की धुकं आत जाऊन बसतं. वरनं तुमी झाकान लावता. मंजी पाहुना आत अन् कडी भाईर." आबांनी पेपरची घडी घातली. "चांगलं कडक ऊन बगून भरायचं, त्वांड बंद करायचं, अन् दसऱ्यापतुर हात लावायचा न्हाई. चिक्की काय अन् रुपया काय, सादळायचं त्ये सादळतंच."

ह्यांनी कारखान्यात मोठमोठ्या इंजिनिअरांचं ऐकलं नव्हतं, पण आबांचं ऐकलं. आबांनीच जुन्या भट्टीतले पत्र्याचे चौकोनी डबे दिले, घट्ट झाकणाचे. तेव्हापासून आमच्याकडे वाळवणं उरकली की मे महिन्यात एक दिवस नाण्यांचा असे. दुपारी बारा ते तीन. गच्चीवर चादर, चादरीवर पेट्या, भाजलेल्या खड्यांच्या पुरचुंड्या, आणि मध्ये हे. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी आणि हातात लग्नातल्या बँडवाल्यासारखे पांढरे हातमोजे. दवाखान्यातले रबरी हातमोजे मी आणून दिले होते, पण त्यात पावडर असते म्हणून ते नापास झाले. पेटी पिशवीत, पिशवी डब्यात, डब्याच्या तोंडावर चिकटपट्टी आणि पट्टीवर ह्यांची सही. दिवाळी झाल्याशिवाय ती सही फाटायची नाही. डब्यांवरचे 'शेंगदाणा' आणि 'काजू' हे कागद मात्र निघाले नाहीत. मुलीच्या सासरची माणसं आली तेव्हा त्यांनी कपाटात चिक्कीचे अकरा डबे पाहिले आणि त्यातला एकही तुकडा बशीत आला नाही हेही पाहिलं. मुलीला ते अजून ऐकावं लागतं.

एका मे महिन्यातलं बोलणं मला आठवतं. ऊन मी म्हणत होतं आणि मी चादरीच्या कडेला बसून पुरचुंड्या बांधत होते. मी सहज म्हटलं, "इतकी वर्षं जपताय, पण एक तरी नाणं कधी नुसत्या हातात घेतलंत का?"

"ही हातात घ्यायची नाणी नव्हेत."

"मग ती थंड लागतात का गरम, जड का हलकी, हे तुम्हाला ठाऊकच नाही. म्हणजे स्थळ बघून आलात आणि मुलीशी बोलला नाहीत."

ह्यांनी पुढची पेटी उचलली. मी पन्हं करायला खाली गेले.

त्या दिवाळीत सगळं ठीक निघालं. पुढच्या वर्षी भाऊबीज झाल्यावर हे कपाटापाशी बसले, डबे उघडायला लागले, आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हातमोजे तसेच. दवाखान्यात नातेवाइकांना बाहेर बोलावताना डॉक्टर काढतात तसल्या आवाजात म्हणाले, "जरा बाहेर येतेस का?"

मोठ्या चांदीच्या नाण्यावर अंगठा उमटला होता. ह्यांनी मला नीट समजावून दिलं. बोटाचा घाम आणि तेल लागतं तेव्हा दिसत नाही. पण चांदी विसरत नाही. एखादा पावसाळा जातो, कधी दोन, मग रेषा हळूहळू तपकिरी होऊन वर येतात आणि धातूला खातात. पुसून जात नाहीत. आधीच्या वर्षी कधीतरी कोणीतरी डबी उघडून नाणं हातात घेतलं होतं. "कोणीतरी" म्हणताना ते माझ्याकडे बघत होते.

घरात माणसं तीन. हे, मी आणि कामाला येणाऱ्या मावशी. मावशी भाजे गावच्या. सकाळी मळवलीपर्यंत चालत यायच्या आणि लोकलने एक स्टेशन करून आमच्याकडे. शनिवार-रविवार त्यांची सून लेण्यांच्या वाटेवर कणसं भाजते, म्हणून ते दोन दिवस मावशींनाही सुटी. ह्यांनी टेबलाच्या खणातून शिक्क्याचं शाईपॅड काढलं, कोरा कागद आणि भिंग घेतलं, आणि मावशींना खुर्चीवर बसवलं. मावशींनी अंगठा पुढे केला, पण आधी सांगून ठेवलं.

"भाऊ, ह्यो अंगठा रेशनच्या मशिनीला लागत न्हाई. भांडी घासून घासून रेघाच ऱ्हायल्या न्हाईत. तीन-तीन येळा दाबती, तरी मशीन म्हनतंय, ही तू न्हाईसच. मग तुमच्या रुपयाला कसा लागंल?"

आणि खरंच, कागदावर नुसता निळा डाग उमटला. गुळगुळीत. ह्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि मावशींना चहा द्यायला सांगितलं, म्हणजे त्या सुटल्या.

आता माझी पाळी. मी अंगठा दिला नाही, दहाही बोटं दिली, कागद फाटेल इतकी दाबून. अकरावा ठसा ह्यांच्या पांढऱ्या बनियनवर दिला. ह्यांनी कागद आणि नाणं शेजारी ठेवून तासभर मान खाली घातली. मग निकाल सांगितला की साम्य आहे असं ठामपणे म्हणता येत नाही, पण नाही असंही म्हणता येत नाही. मावशींनी कप विसळता विसळता विचारलं, "अन् तुमचा वो, भाऊ?" तर म्हणाले, "मी हातमोजे घालतो." चौकशी करणाऱ्याचा अंगठा कोण घेतो.

मला म्हणाले, तू एकदा बघ तरी. मी म्हटलं, मुळीच बघणार नाही. ज्याला मी हात लावला नाही त्याच्याकडे बघायचंही मला कारण नाही. बघितलं असतं तर निम्मं कबूल केल्यासारखं झालं असतं, असं माझं मत होतं. आणि मी एकदा मत केलं की ते बदलत नाही. हा माझा गुण आहे असं मला तेव्हा वाटत होतं.

पुढची चार वर्षं तो अंगठा आमच्या घरात चौथ्या माणसासारखा राहिला. लोणच्याच्या बरणीत चमचा घातला की हे विचारणार, "हात कोरडा आहे ना?" मी कुठली गोष्ट जागेवर नाही म्हटलं की म्हणणार, "गोष्टी हलतात खऱ्या ह्या घरात." मी पण काही कमी नव्हते. पाहुण्यांपुढे चहाचा कप ठेवताना सांगायची, कानाला धरा हं, ठसा उठेल. मुलगी फोनवर म्हणायची, आई, लावला असशील चुकून, हो म्हण आणि संपव. मी तिच्याशी पंधरा दिवस बोलले नाही. दिसायला हे सगळं हसण्यावारी होतं. पण मला ते लागत होतं. दवाखान्यात माझ्या हातावर लोकांनी नुकती जन्मलेली मुलं विश्वासाने ठेवली होती, आणि माझ्या घरात माझ्या हातावर विश्वास नव्हता.

मग चौथ्या वर्षी दिवाळीनंतर डबे उघडले त्या दिवशी काहीतरी निराळं झालं. हे बराच वेळ भिंग घेऊन बसले होते. संध्याकाळी जेवताना भात कालवत म्हणाले, "त्या अंगठ्याचं आता सोडून देऊ. माणूस आहे, होतं एखादे वेळी."

मी ताटावरून उठले. म्हटलं, मी माफी मागितलेली नाही, तर तुम्ही माफ कसलं करता? ह्यांनी ताक वाढून घेतलं आणि खाली मान घालून जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर उशाशी चहा. आलं घातलेला, जरा जास्तच. ज्या माणसाला गॅसवर फक्त खडे भाजता येत होते, त्याने चहा केला होता. तिसऱ्या दिवशीही केला. मग रोजच. त्याच आठवड्यात कपाटातल्या दिव्याचा कप्पा माझ्या साड्यांना परत मिळाला. मला वाटलं निवृत्तीचा कंटाळा असेल, किंवा कोणीतरी ह्यांना बायकोच्या रक्तदाबाबद्दल सांगितलं असेल. मी त्याचा अर्थ लावायला गेले नाही. आयता चहा मिळत असताना कोण अर्थ लावतं?

दोन वर्षांपूर्वी थंडीत हे गेले. चहा उतू गेल्याचा वास आला म्हणून मी उठले, तर हे ओट्याजवळच्या खुर्चीत बसलेले. मी नर्स होते, दारातूनच मला कळलं. तरी मी नाडी बघितली, त्यांचा हात तसाच धरून बसले आणि गॅस बंद करायचं विसरले. मला फार एकटं वाटलं. त्यानंतर रागही आला, कारण आमचं भांडण अर्धवट राहिलं होतं आणि त्यात मी हरलेली होते.

त्या उन्हाळ्यात मी डबे भरले नाहीत. दिवाळीनंतर बघून झाल्यावर ह्यांनी पुन्हा बंद केले तसेच ते दोन्ही पावसाळे राहिले, शेवटची सही अजून पट्टीवर. ह्या वर्षी मुलगी म्हणाली, आई, तुला नाही तर कोणाला हौस आहे त्याची, जाणकाराला देऊन टाक. तिनेच शोधून पुण्याहून एका नाणी घेणाऱ्याला पाठवलं. चाळिशीचा असेल. आल्याबरोबर हात धुवायला जागा विचारली, खिशातून स्वतःचे सुती हातमोजे काढले. मला तो तिथेच आवडला.

त्याने एकेक पेटी उघडली आणि थक्क झाला. "मॅडम, लोणावळ्यात हे शक्य नाही. कुठे ठेवली होती ही?"

"चिक्कीच्या डब्यात."

त्याने डब्यावरचा 'काजू' वाचला. सतरा-अठरा पेट्या झाल्यावर तो संच आला आणि त्याने जीभ टाळूला लावून चुक् केलं. "अरेरे. ह्याला अंगठा लागलाय."

"ठाऊक आहे. मी लावलेला नाही," मी म्हटलं.

"मी कुठे म्हटलं तुम्ही लावलाय?"

तो बिचारा चपापला. मग भिंग माझ्यापुढे धरून सांगू लागला की औषधाने पुसून थोडं फिकं होईल, पण रेषांनी धातू खाल्लाय, आणि मध्ये ही तिरकी पट्टी आहे ना, तिथे मात्र काहीच उठलेलं नाही, हे जरा चमत्कारिक आहे. पट्टी म्हटल्यावर मी पहिल्यांदा त्या नाण्याकडे बघितलं.

चांदीच्या आरशात तपकिरी रेषांचा एक रुंद अंगठा होता. डाव्या बाजूने वर उजवीकडे एक तिरकी कोरी रेघ, रेषांना मधोमध तोडणारी. रेघेच्या खालच्या टोकाला बारीकसा वाक. तिसरा टाका डॉक्टरांनी जरा ओढून घातला होता आणि मी तेव्हाच म्हटलं होतं की हा वाकडा बसणार. तो अंगठा मी दहा दिवस रोज धुतला होता, पुसला होता, बांधला होता. जगातल्या सगळ्या अंगठ्यांमधून मी तो डोळे मिटून ओळखला असता. फक्त बघायला हवं होतं.

नाणीवाल्याला मी चहा दिला आणि एकही संच दिला नाही. तो चांगला माणूस होता, म्हणाला, समजू शकतो. काय समजला कोण जाणे.

मग मी ह्यांच्या फोटोपुढे उभी राहिले आणि चांगली अर्धा तास बोलले. बनियन, शाईपॅड, लोणच्याचा चमचा, मुलीशी धरलेला अबोला, सगळं क्रमाने काढलं. माझ्याजवळ पुरावा होता, मी जिंकले होते, आणि समोरचा माणूस हार घालून हसत होता. एवढा मोठा विजय आणि ऐकायला भिंत. मला रडू आलं, पण बोलायची मी थांबले नाही. मावशी मागच्या दाराने कधी आल्या कळलं नाही.

"कुनासंगं भांडताय बाई?"

"भाऊंशी."

"मग चालू द्या," म्हणून त्या भांड्यांकडे वळल्या.

मी त्यांना थांबवलं आणि म्हटलं, मावशी, तो अंगठा त्यांचाच होता हो. मावशींनी पदराला हात पुसले. त्यांना काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

"मला तवाच वाटलं व्हतं. दोगींचं घेतलं, अन् सवताचा तेवडा न्हाई दिला."

"मग बोलला का नाहीत?"

"नवरा-बायकूच्या मदी मी कशाला पडू? अन् भाऊ मागनं रोज चा करत व्हतं की तुमाला. म्या म्हनलं, फिटतंय हळूहळू."

मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले. टूलरूममध्ये केसाची जाडी मोजणारा माणूस. भिंग घेऊन दर वर्षी तोच ठसा बघणारा. पहिली तीन वर्षं रेषा फिकट असतील, माझ्यावरचा राग ताजा असेल. चौथ्या वर्षी ती तिरकी रेघ त्यांना दिसली नसेल असं होणंच शक्य नाही. स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं असेल, मग नाण्याकडे, मग पुन्हा अंगठ्याकडे. आणि माझ्याजवळ येऊन सांगायची छाती झाली नसेल. मी ते सोसूनही घेतलं नसतं, खरं सांगायचं तर. जन्मभर ऐकवलं असतं. म्हणून मला माफ करून मोकळे झाले आणि सकाळी उठून आलं किसायला लागले. पाच वर्षं, एक दिवस न चुकता. शेवटच्या दिवशीसुद्धा.

आणि त्यांनी ते नाणं हातात का घेतलं असेल, हेही मला आता कळतं. मी पन्हं करायला गेले होते तेव्हा. म्हणजे आरोप अगदीच खोटा नव्हता, फूस माझी होती.

ह्या मे महिन्यात मी आणि मावशींनी डबे भरले. मावशींनी ह्यांच्या कढईत खडे भाजले, मी गच्चीवर चादर घातली. आबा आता जिने चढत नाहीत, ते खालून ओरडून विचारत होते की ऊन पुरेसं कडक आहे का. सगळ्या पेट्या मी हातमोजे घालून भरल्या, ह्यांनी भरल्या असत्या तशाच. तो एक संच शेवटी ठेवला. पेटी उघडून चांदीच्या नाण्याला तसंच राहू दिलं आणि त्याच्या शेजारचं नाणं डबीतून काढलं. मग उजव्या हातातला मोजा काढला. हात धुतला नाही. सकाळपासून पुरचुंड्या बांधून तो घामेजलेला होता, तो तसाच नाण्यावर ठेवला आणि अंगठा नीट दाबला.

नाणं थंड लागलं, आणि दिसतं त्यापेक्षा जड.

मावशी बघत होत्या. म्हणाल्या, "बाई, हे काय केलं?"

मी म्हटलं, अकरा वर्षं शिक्षा भोगून झाली मावशी, गुन्हा तेवढा करायचा राहिला होता.

नाणं परत डबीत घातलं, डबी पेटीत, पेटी पिशवीत. मावशींनी चिकटपट्टीचं टोक धरलं, मी डबा बंद केला आणि पट्टीवर सही केली. ठसा वर यायला एखाद-दोन पावसाळे जातील. मी तोवर उघडून बघणार नाही.